तिसरा ड्राइव्ह : मकरपुऱ्यातल्या एका मिलिंग मशीनचं प्रकरण

"नंबर तोच, कंपनी तीच, अगदी डब्याचा रंगसुद्धा तोच. मग हा का जळला?"

काकांचा फोन आला तेव्हा एक्स अक्षाचा दुसरा सर्व्हो ड्राइव्ह जाऊन अर्धा तास झाला होता. ड्राइव्ह म्हणजे कंट्रोलरच्या हुकमाप्रमाणे अक्षाच्या मोटरला वीज देणारा डबा. काका म्हणजे बडोद्यातल्या दांडिया बाजारातले आमचे जुने शेजारी. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, त्यांचं पाच मशीनचं वर्कशॉप आहे आणि पंपांची बेअरिंग हाउसिंग आणि केसिंग हे तिथलं मुख्य काम. त्यातलं सगळ्यात जुनं मशीन म्हणजे तीन अक्षांचं सीएनसी मिलिंग, परदेशी बनावटीचं, सेकंडहँड घेतलेलं. ओतीव लोखंडाचा बेड असा की आजच्या भावात तसा कोणी ओतून देणार नाही. म्हणूनच काका ते मोडीत काढत नाहीत. अडचण त्याच्या विजेच्या अंगाची आहे. तिन्ही अक्षांवर ब्रशवाल्या डीसी सर्व्हो मोटर आहेत, प्रत्येकीच्या शेपटाला टॅको (गतीप्रमाणे व्होल्ट देणारं छोटं जनित्र) आणि एन्कोडर (जागा सांगणारा), आणि कंट्रोलरकडून ड्राइव्हला जाणारा हुकूम उणे १० ते अधिक १० व्होल्टचा. या पिढीचे ड्राइव्ह आता कुठल्याही कॅटलॉगात नाहीत.

पहिला ड्राइव्ह गेल्यावर एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून त्याच नंबरचा वापरलेला पीस आणला होता. तो दोन शिफ्ट चालला. तिसरा पीस त्याच व्यापाऱ्याकडे शिल्लक होता आणि काका त्याला पैसे पाठवायच्या बेतात होते.

"काका, पैसे दोन दिवस थांबवा. मी येतो."

आधी मोटर

पॅनेल उघडलं. जळक्या ड्राइव्हचं आउटपुट ट्रान्झिस्टर मॉड्यूल फुटलेलं होतं, त्यात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेकॅनिक पोरगा उत्साही होता. म्हणाला, "साहेब, वायचा ड्राइव्ह एक्सला लावून बघू? दोन्ही सारखेच आहेत." ही युक्ती शॉप-फ्लोअरवर सगळे करतात, आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते ती पटकन सांगतेही. फक्त मोटरच खराब असेल तर एकाच्या जागी दोन ड्राइव्ह मरतात. इथे दोन आधीच मेले होते. तिसरा कशाला द्यायचा?

मोटरच्या दोन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवल्या. हे न करता मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावला तर त्याचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्याच पोटात जातात. मग आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वाइंडिंगचा भाग) ते बॉडी मोजलं : ०.२ मेगओहम. या जातीच्या मोटरला १ मेगओहमच्या खाली मी हात लावू देत नाही.

कार्बन ब्रशची झाकणं काढली तर काळी पूड बाहेर सांडली, आणि ती कोरडीही नव्हती. टेबलाच्या टोकाला, सगळ्यात खाली बसलेली ही मोटर. केबलच्या ग्लँडचं रबर कडक होऊन चिरलं होतं, त्यातून वर्षानुवर्षं कूलंट झिरपत होतं. कार्बनची पूड आणि कूलंट मिळून चांगला वाहक चिखल तयार होतो. हा चिखल कॉम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलाच्या) पट्ट्यांमधल्या खाचांत बसला होता. रॅपिडमधून (कापत नसतानाच्या सगळ्यात वेगवान चालीतून) मोटर एकदम थांबवताना तिथे ठिणगी एका पट्टीवरून दुसरीवर उडत जाते, आणि क्षणभर का होईना, ड्राइव्हला समोर जवळजवळ शॉर्टच दिसतो. नवा ड्राइव्ह असो की जुना, नंबर जुळो की न जुळो, असे झटके तो मोजकेच खातो.

ऑपरेटरला विचारलं, ब्रश शेवटचे कधी बदलले? तो काकांकडे बघायला लागला, काका छताकडे. ब्रश मूळ लांबीच्या निम्म्याहूनही कमी उरले होते.

मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गेली. वाइंडिंग शाबूत होतं. आर्मेचर धुऊन भट्टीत वाळवलं, कॉम्युटेटर लेथवर हलका पास देऊन गोल केला, पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरला, ब्रश त्याच ग्रेडचे घातले. ब्रशच्या ग्रेडबद्दल मी हटून बसलो. बाजारात मापाने बसणारा कुठलाही कार्बन मिळतो, पण कडक ग्रेड कॉम्युटेटर खातो आणि मऊ ग्रेड पुन्हा तीच पूड करतो. मोटर परत आली तेव्हा गरम असताना मेगर ४० मेगओहम दाखवत होता.

मोटरकडूनच आकडे घेतले

आता ड्राइव्ह निवडायचा. काकांच्या हातात जुन्या ड्राइव्हची पट्टी होती : सतत २५ अँपिअर, पीक ७५. "एवढाच घ्यायचा ना?" त्यांचा सरळ हिशेब. माझं म्हणणं असं की त्या पट्टीवर जे लिहिलंय ते त्या डब्याचं सामर्थ्य आहे, या अक्षाची गरज नव्हे. मशीन बनवणाऱ्याने तेव्हा जो साइझ हाताशी होता तो लावला असेल. बदली डबा निवडायचा तर मोटर आणि टेबल काय मागतात ते मोजायला हवं.

मोटरची पट्टी कूलंटने निम्मी खाल्लेली. सततचा करंट १८ अँपिअर आणि पीकची मर्यादा ९० अँपिअर एवढंच वाचता येत होतं. बाकीचं मोटरलाच विचारलं. रिवाइंडिंगवाल्याच्या लेथवर मोटरचा शाफ्ट चकमध्ये धरला, बॉडी बांधून टाकली आणि लेथ मिनिटाला ५०० फेऱ्यांवर फिरवला. आर्मेचरच्या वायरींवर साडेएकतीस व्होल्ट आले, टॅकोवर ४.७५. म्हणजे हजार फेऱ्यांना मोटर ६३ व्होल्ट देते आणि टॅको साडेनऊ. ६३ ला १०४.७ ने भागलं की टॉर्कचा स्थिरांक मिळतो : दर अँपिअरला ०.६ न्यूटन-मीटर. (हजार फेऱ्या प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १०४.७ रेडियन, म्हणून तो भागाकार.) डीसी मशीन मी शिकलो ते कलाभवनात, १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या त्या संस्थेत. तेव्हा वाटायचं, ही विद्या आता कुठे कामाला येणार! लेथच्या चकमध्ये मोटर धरून व्होल्ट मोजताना त्या प्रॅक्टिकलच्या वह्या आठवल्या.

आता व्होल्टेज. बॉलस्क्रूची पिच १० मिलिमीटर आणि रॅपिड मिनिटाला १२ मीटर, म्हणजे मोटर १२०० फेऱ्या. त्या गतीला मोटरचा उलटा दाब (फिरताना ती स्वतःच देते ते व्होल्ट) साधारण ७५ व्होल्ट. वेग घेताना ४० अँपिअर धरले आणि आर्मेचरचा रोध ०.३५ ओहम, तर १४ व्होल्ट त्यात जातात. ब्रशचे दोनेक मिळवा. ९० च्या वर लागतात. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू १०० व्होल्ट, तीन फेज, रेक्टिफाय करून भार नसताना १४१ व्होल्टची डीसी बस, म्हणजे ड्राइव्हना वीज पुरवणारी लाइन. पुरून उरते.

ते ४० अँपिअर कुठून आले, तेही सांगतो, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. टेबल, फिक्स्चर आणि जॉब मिळून ८०० किलो. काकांना वाटत होतं मोटरची सगळी ताकद एवढा डोंगर हलवण्यात जात असणार. पण १० मिलिमीटर पिचच्या स्क्रूमागून पाहिलं तर त्या ८०० किलोचा इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) मोटरला फक्त ०.००२ किलो-मीटर-वर्ग दिसतो. ४० मिलिमीटर जाडीचा, सव्वा मीटरच्या आसपासचा स्क्रू स्वतः ०.००२४, आणि मोटरचा आपलाच रोटर ०.०१२. म्हणजे मोटर बहुतांश वेळ स्वतःलाच पळवत असते! बेरीज ०.०१६४. शून्यापासून १२०० फेऱ्या ०.१ सेकंदात घ्यायच्या तर साडेवीस न्यूटन-मीटर, म्हणजे ३४ अँपिअर. घर्षणाचे ५. एकूण ३९. पडताळा म्हणून चालू असलेल्या वाय अक्षावर डीसी क्लॅम्प आणि स्कोप लावून रॅपिड दिला. तिथे शिखर ३६ अँपिअरला गेलं. मोटर तीच, टेबल थोडं हलकं. हिशेब बसला.

तर गरज अशी : सतत १८, पीक ४० आणि थोडा वाव, बस १४१ आणि त्यावर वीजपुरवठ्याचा चढ. मोठा ड्राइव्ह म्हणजे जास्त सुरक्षित ही समजूत डीसी मोटरच्या बाबतीत उलटी पडते. ९० अँपिअरच्या पुढे गेलात तर मोटरची चुंबकं कायमची कमजोर होतात. मग तीच मोटर त्याच टॉर्कसाठी जास्त करंट मागते, जास्त तापते, आणि दोष कुठे आहे ते कोणाला उमगत नाही.

चार पर्याय, खरं तर दीड

व्यापाऱ्याचा तिसरा पीस मी पहिल्यांदा बाजूला टाकला. मोटर दुरुस्त झाल्यावर तो चाललाही असता. पण कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या ड्राइव्हचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न वापरताही म्हातारे होतात, आणि "चालू आहे" या शब्दाची हमी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच असते.

दुरुस्तीचा पर्याय मोहाचा होता, कारण दोन मेलेले ड्राइव्ह हाताशी होते. पण आतले पॉवर ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन जातीचे. आज मिळतो तो आयजीबीटी. डार्लिंग्टनला बेसमध्ये करंट द्यावा लागतो, आयजीबीटीला गेटवर व्होल्टेज. म्हणजे एक मॉड्यूल काढून दुसरं बसवलं असं होत नाही, त्यामागचं कार्डही नवं करावं लागतं. हौस म्हणून ठीक, काकांच्या डिलिव्हरीच्या तारखांवर नाही.

एसी सर्व्हो. हा पर्याय काकांच्या पुतण्याने मांडला आणि तो चुकीचा नव्हता. ब्रश नाहीत, पूड नाही, मोटर लहान. पण एकट्या एक्सवर एसी लावायचा तर नवा फ्लँज, नवं कपलिंग, एन्कोडरच्या पल्सचं गणित कंट्रोलरशी पुन्हा जुळवणं, शिवाय रोटर हलका झाल्यामुळे अक्षाचा स्वभावच बदलणार. वाय आणि झेड जुन्या स्वभावाचे, एक्स नव्या, आणि तिघांनी मिळून वर्तुळ काढायचं. पुतण्याला म्हटलं, "तिन्ही अक्ष एकदम करायचे असतील तेव्हा मी तुझ्या बाजूने काकांशी भांडेन. एकासाठी नाही."

राहिला नवा, आजच्या उत्पादनातला ब्रश-मोटरचा ॲनालॉग ड्राइव्ह. असे ड्राइव्ह अजून बनतात, हेच पुष्कळांना माहीत नसतं. टॅकोची इनपुट असलेला, दोन्ही दिशांना चालवणारा आणि ब्रेकही लावणारा. पहिला कोटेशनवाला स्वस्त होता. करंट पुरेसा, फक्त बसची कमाल मर्यादा ८० व्होल्ट. आमच्या १४१ वर तो स्विच टाकताच गेला असता. कोटेशनात ही ओळ दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होती, आणि मुखपृष्ठावर "३० अँपिअर" ठळक. दुसरा : सतत ३०, पीक ६०, १९० व्होल्टला ओव्हरव्होल्टेज ट्रिप, म्हणजे बस तिथे पोचली की तो स्वतःला बंद करतो. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, पॅनेलच्या आत त्याहून वर, तेव्हा सततच्या ३० मधले थोडे उष्णतेला दिले तरी १८ आरामात मिळतात. हाच घेतला.

एनेबलच्या (ड्राइव्हला चालू हो म्हणणाऱ्या) वायरीपाशी मात्र एक तास गेला. हा ड्राइव्ह कारखान्यातून आला तेव्हा इनहिबिट (अडवण्याची) पिन मोकळी ठेवली की चालू, अशा सेटिंगवर होता. म्हणजे वायर तुटली तर मोटर मोकाट. जंपर बदलून उलटं केलं : वायर तुटली की बंद. मग टॅकोची दिशा. शाफ्ट हाताने फिरवून मीटरवर टॅको आणि आर्मेचरचे चिन्ह नोंदवले, कारण टॅको उलटा जोडला की ड्राइव्ह मोटरला रोखण्याऐवजी ढकलत जातो. पहिली पॉवर कपलिंग सोडवून, करंट लिमिट तळाला ठेवून दिली, आणि पोरग्याचा हात इमर्जन्सीच्या बटणावर. मोटर गुरगुरली, थांबली, हुकमाप्रमाणे फिरली.

एक फरक सगळ्यांना ऐकू आला. जुना ड्राइव्ह दोनेक किलोहर्ट्झवर स्विच करायचा, म्हणून टेबल उभं असतानाही मोटर शिट्टी घालायची. नवा २० किलोहर्ट्झवर, म्हणजे कानाच्या पलीकडे. मोटरचा इंडक्टन्स २ मिलिहेन्री, तर करंटमधली लहर पूर्वी साडेसतरा अँपिअरपर्यंत जायची, आता पावणेदोन. लहर दाबायला वेगळा चोक लावायची गरज उरली नाही. ऑपरेटर म्हणाला, "दादा, एक्स मुका झाला." आम्ही सेव-उसळ मागवली.

रात्रपाळीतलं भूत

दिवसभर एक्स चालला. संध्याकाळी एक्स-वाय एकत्र होमला (अक्षांच्या ठरलेल्या मूळ जागी) पाठवताना ड्राइव्ह एकदा ट्रिप झाला. मी एक टर्मिनल ढिलं बघितलं, आवळलं आणि तेच कारण धरून घरी गेलो. ही माझी चूक. कारण सापडण्याआधीच मी समाधान मानलं.

रात्री साडेअकराला फोन. आता एकटा एक्ससुद्धा रॅपिडमधून थांबताना ट्रिप होत होता. "दिवसा शहाण्यासारखा वागतो, रात्री अंगात येतं," इति ऑपरेटर.

गेलो. बाहेर अर्ध्या वसाहतीचे दिवे बंद. मीटर लावला तर दिवसा ४१५ च्या आसपास असणारी लाइन ४४० वर होती. कारखाने बंद झाले की लाइनवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं, यात नवल काही नाही. डीसी बस १४१ ऐवजी १५०.

तिथेच पुठ्ठ्यावर हिशेब केला. १२०० फेऱ्यांवर अक्षात साठलेली ऊर्जा १३० ज्यूल. थांबताना त्यातले ४० आर्मेचरच्या रोधात उष्णता होऊन जातात, १९ घर्षणात. ७१ ज्यूल बसच्या कपॅसिटरमध्ये परत येतात. कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरड. दिवसा १४१ पासून सुरुवात केली की बस १८५ ला थांबते. रात्री १५० पासून सुरू केली की १९१ च्या पुढे जाते. ड्राइव्हची ट्रिप १९० ला. दिवसा एक्स-वाय एकत्र थांबले तेव्हाही तेच झालं होतं, दोघांनी मिळून ऊर्जा परत पाठवली होती. टर्मिनल बिचारं निर्दोष.

पण बसवर शंट कार्ड होतं ना? जादा ऊर्जा रोधात जाळणारं? होतं, आणि ठणठणीत होतं. फक्त ते २०० व्होल्टला जागं व्हायचं. जुने ड्राइव्ह त्याहून वरचं सोसणारे होते, म्हणून ती जोडी जमत होती. नवा ड्राइव्ह १९० लाच हात वर करतो, म्हणजे शंटची पाळी कधी येतच नव्हती. मी करंट पाहिला, कमाल व्होल्टेज पाहिलं, ड्राइव्हची ट्रिप शेजारच्या शंटच्या आकड्यापुढे ठेवून पाहिली नाही. दोन्ही आकडे माझ्याच वहीत होते, वेगवेगळ्या पानांवर.

दुसऱ्या दिवशी शंट कार्ड टेबलावर घेतलं, रंगाने सील केलेला पोटेन्शिओमीटर मोकळा केला आणि १७५ व्होल्टवर आणला. त्याहून खाली नेला नाही. लाइन १० टक्के चढली तर बस १५५ ला जाते, आणि शंट त्याच्या फार जवळ आणला तर मोटर उभी असतानाही रोध तापत बसेल. त्या रात्री ट्रिप नाही, त्यानंतरही नाही.

स्पीडचा स्क्रू जो स्पीडचा नाही

शेवटचं काम एक्सला वायशी जुळवण्याचं. ड्राइव्हवर टॅकोचा पोटेन्शिओमीटर असतो, त्याला सगळे "स्पीडचा स्क्रू" म्हणतात. पोरग्याने तो फिरवला, स्क्रीनवर फीड (टेबलाची गती) बघितला आणि म्हणाला, "काहीच होत नाही." बरोबर आहे. पोझिशन लूप (टेबलाची जागा बघत हुकूम सुधारत राहणं) चालू असताना गती कंट्रोलर ठरवतो. स्क्रू फिरवल्यावर बदलतो तो लॅग, म्हणजे टेबल हुकमाच्या किती मागे धावतंय ते अंतर. त्याच गतीला ड्राइव्ह जितके जास्त व्होल्ट मागेल, तितकं टेबलाला मागे राहावं लागतं.

मिनिटाला ६०० मिलिमीटरच्या फीडला वायचा लॅग ०.६०० मिलिमीटर होता, एक्सचा ०.५७०. फरक तीन शतांश. दोन्ही अक्ष ४५ अंशात एकत्र चालले की मार्ग बाजूला सरकतो ०.०२१ मिलिमीटर, आणि वर्तुळ त्याच तिरक्या दिशेने लंबगोल होतं. काकांच्या बेअरिंग हाउसिंगच्या बोअरला एवढं चालत नाही. नवा ड्राइव्ह चपळ आहे म्हणून एक्स पुढे ठेवायचा मोह पुतण्याला होत होता. पण एकट्याची चपळाई इथे उपयोगाची नाही. स्क्रू फिरवून एक्स ०.६०० वर मागे आणला. मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर १०० मिलिमीटरचा गोल बॉस (उंचवटा) काढला, त्याच्याभोवती डायल (बारीक फरक दाखवणारा काट्याचा मापक) फिरवला. काकांनी डायल स्वतः बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला आणि जॉब लावायला सांगितलं.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे : शंट १७५, ट्रिप १९०, पीक लिमिट ५०, लॅग ०.६०० ला ६०० फीड, ब्रश बदलल्याची तारीख. तिसऱ्या पिसाचे पैसे वाचले म्हणून काकांनी त्यातून तिन्ही मोटरचे ब्रश आणि नवे केबल ग्लँड घेतले. वायच्या मोटरला मेगर लावला तर ३ मेगओहम. अजून चालतंय, पण ती दिवाळीच्या सुट्टीत उतरवायची ठरली आहे.